पाय सोडून बाकी कुत्र्याचा विमा

कुत्र्याचा विमा काढायचं माझ्या डोक्यात आलं ते पायामुळं. कुत्र्याच्या उजव्या मागच्या पायामुळं. आणि विम्याचा कागद हातात पडला तेव्हा नेमका तोच पाय त्यातून वगळलेला होता. माझा असा तिळपापड झाला त्या दिवशी, की मी संध्याकाळपर्यंत वडिलांशी बोलले नाही, कुत्र्याशी बोलले नाही, आणि पोळ्या करताना लाटणं एवढं आपटलं की शेजारीण विचारायला आली, भिंत पाडताय का म्हणून.

पण आधीचं सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

आम्ही पडेगावला राहतो, दौलताबाद रोडपासून जरा आत. मी अठ्ठावीस वर्षं एका वकिलाकडं टायपिंग केलं. खरेदीखतं, मुखत्यारपत्रं, बक्षीसपत्रं, भाडेकरार, काय काय माझ्या बोटांखालून गेलं त्याला गणती नाही. त्यातलं वाचलं किती म्हणाल, तर काही नाही. बोटं चालायची आणि डोकं संध्याकाळच्या भाजीत असायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला नोकरीला. मग आई गेली आणि सोयगावकडच्या गावातून मी वडिलांना इकडं घेऊन आले. शेत चुलतभावाला करायला दिलं, बैल विकले, घराला कुलूप लावलं.

अण्णांचं वय विचारलं की ते म्हणतात, "निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली तवा मी रांगत व्हतो." आता तुम्हीच हिशोब करा. गावाकडं हा माणूस दिवसभर बोलायचा. बैलांशी, बांधावरून जाणाऱ्यांशी, पाऊस पडला नाही तर आभाळाशी. इथं आला आणि मुका झाला. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसायचं आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडं बघत राहायचं. जेवता का? व्हय. भाजी आवडली का? व्हय. फिरून येता का जरा? नाय. सहा महिने मी 'व्हय' आणि 'नाय' एवढंच ऐकलं. मला वाटायला लागलं, मी यांना सांभाळायला आणलं का संपवायला आणलं? खरंच सांगते, स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडायचे मी.

मग फर्दापूरचं झालं. गावातलं एक लग्न करून आम्ही परत येत होतो, फर्दापूरला गाडी बदलायची होती. चहा घ्यायला हॉटेलात गेलो, तिथं बाकाखाली एक पिल्लू. लाल रंगाचं, गावठी, कान अर्धे पडलेले. मागच्या पायावरून कशाचं तरी चाक गेलं होतं, पाय लोंबत होता. हॉटेलवाला म्हणाला, जगायचं नाही ते. अण्णांनी अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढं ठेवला, पायाला हात लावून बघितलं, आणि गाडी लागल्यावर ते पिल्लू सरळ उपरण्यात गुंडाळून काखेत घेतलं.

"अण्णा, एसटीत कुत्रं घेत नाहीत," मी म्हटलं.

"मग मी बी नाय येत. तू जाय. आमी दोघं चालत येतो."

सहा महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. मी कंडक्टरच्या हातापाया पडले आणि पिल्लू आमच्याबरोबर आलं. अण्णांनी बांबूच्या कामट्या लावून, फडकं बांधून पाय सांधला. नंतर डॉक्टरनंही बघितला आणि लसीच्या कार्डावर 'पायाचं जुनं हाड मोडलेलं' असं लिहून ठेवलं. पाय जुळला, पण किंचित वाकडा. नाव काही ठेवलंच नाही. अण्णा त्याला "काय पाव्हणं" म्हणायचे, ते म्हणता म्हणता पाव्हणाच झाला तो.

पाव्हण्यामुळं अण्णा उठले. कुत्र्याला सकाळी बाहेर न्यावंच लागतं ना. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग रस्त्यापर्यंत, मग दौलताबादच्या दिशेनं पार पुढच्या वडापर्यंत. जाताना दुधवाला, पंक्चरवाला, भुट्टे भाजणारी बाई, सगळ्यांशी गप्पा. घरी येऊन मला सगळा वृत्तांत. कोणाच्या म्हशीनं दूध आटवलं, कोणाची सून माहेरी गेली. मी म्हणायचे, "अण्णा, पुरे आता, मला कामं आहेत." आणि मनात म्हणायचे, बोला हो, बोलत राहा.

चारेक वर्षं असं झकास चाललं. मग एक दिवस अण्णा म्हणाले, "आज मोरीवर बसलो जरा. पाव्हण्याचा पाय दुखत व्हता."

रस्त्याला एक छोटी मोरी, म्हणजे ओहोळावरचा लहानसा पूल आहे, तिला बसण्याजोगा कठडा आहे. मी म्हटलं, बरं. आठ दिवसांनी जाताना एकदा आणि येताना एकदा बसायला लागले. मग वडापर्यंत जाणं बंद झालं. मोरीपर्यंत जायचं, बसायचं आणि परत. "पाय वाकडा हाय ना माय, ताण येतो त्याला." अण्णा मला माय म्हणतात, आमच्याकडं बाप लेकीला म्हणतो तसं.

माझं धाबं दणाणलं. म्हटलं, आज मोरी, उद्या गल्लीचं तोंड, आणि परवा पुन्हा ती खुर्ची आणि ती भिंत. कुत्रं बसलं की अण्णा बसले. मला कुत्र्याच्या पायाचं काय एवढं, माझा जीव अण्णांसाठी टांगणीला लागला होता. डॉक्टरकडं नेऊ म्हटलं की अण्णा म्हणायचे, "बघू की. घाई काय?" तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की एका कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि खर्च ऐकून मालकच आडवा पडायचा राहिला. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, कुत्र्याचा विमा असतो. काढून टाक." काढून टाक म्हणे. केर काढल्यासारखं.

आमच्या गल्लीत एक बाई विम्याचं काम करतात. तोंडाला साखर आणि पायाला चाकं. त्या दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन ओट्यावर हजर. "ताई, गावठी कुत्र्याला पण मिळतो, हप्ता उलटा कमी बसतो. ऑपरेशन, दवाखाना, सगळं येतं. टेन्शन लेनेका नै." मी पेन काढलं. अठ्ठावीस वर्षांची सवय, सही कुठं करायची ती फुली शोधली. आणि अण्णांनी तळहात कागदावर ठेवला.

"वाच आधी."

"अण्णा, इंग्रजीत आहे सगळं, बारा पानं."

"मग बारा पानं वाच. मराठीत सांग मला. मी काय पळून चाललो का?"

बाई हसल्या, म्हणाल्या वाचून झालं की येते. पण अण्णा हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "कानात बिल्ला मारतात का ह्याच्या?" तेव्हा मला आठवलं. आमच्याकडं एक बैल होता, त्याचा विमा उतरवलेला. विम्याच्या बैलाच्या कानात बिल्ला असतो, तो असला तरच कंपनी ओळखते की बैल हाच. त्या बिल्ल्याखाली कान चिघळला, किडे पडले, तेव्हा अण्णांनी बिल्ला कापून काढून टाकला आणि कान बरा केला. बैल पुढं घटसर्पानं गेला. बिल्ला नाही म्हणून काही मिळालं नाही. गावातले लोक कंपनीला शिव्या घालत होते. अण्णा म्हणाले, "त्यांची चूक नाय. कागदावर लिव्हलेलं व्हतं, बिल्ला निघाला तर आठ दिसात कळवा म्हनून. मी कुठं वाचला कागद?"

मग दोन संध्याकाळी आम्ही ते वाचलं. मी वाचायचं, मनातल्या मनात मराठी करायचं आणि सांगायचं. अण्णा पाय पोटाशी घेऊन ओट्यावर, पाव्हणा त्यांच्या पायाशी. आणि काय सांगू, ज्या बाईनं जन्मभर दस्तऐवज टाइप केले तिला एक प्रश्न सुचत नव्हता, आणि हा बैलबाजारातला माणूस असे प्रश्न टाकत होता की मला पानं मागंपुढं चाळावी लागत होती.

"पैसे मेल्यावर देतात का जितेपणी?"

"जितेपणी. ऑपरेशन झालं किंवा दवाखान्यात ठेवावं लागलं तर. मेल्यावरचं वेगळं घ्यायचं, वर हप्ता भरून."

"ते नको. त्याच्या मरणाचे पैसे घेऊन मी काय करू? हरवला तर?"

"ते पण वेगळं."

"कोनाला चावला तर?"

"त्या माणसाचा खर्च मिळतो, पण ते पण वेगळं घ्यावं लागतं."

"मग ह्याच्यात हाय तरी काय?" अण्णा म्हणाले, आणि मला हसू फुटलं. पण विचार करून म्हणाले, "चावण्याचं घे. तो नाय चावत, पर लोक शेपटावर पाय देतात."

मग बारीक अक्षरातलं निघालं. पहिले तीस दिवस आजारपण झालं तर काही मिळणार नाही. लस चुकवली आणि तोच रोग झाला तर नाही. साधं औषध आणि तपासणी फी यात नाही, दवाखान्यात ठेवलं तरच. नखं, दात, केस नाही. अमुक वयानंतर नवा विमा नाही. खर्च पूर्ण मिळत नाही, काही भाग आपणच सोसायचा. मी एकेक वाचत गेले आणि मला स्वतःची लाज वाटत गेली. बाईंनी सगळं येतं म्हटलं आणि मी पेन काढलं होतं! आणि बाई काही खोटारड्या नव्हत्या, त्यांनीही ती बारा पानं कधी वाचली नव्हती इतकंच.

दोन दिवसांनी त्या फोटो काढायला आल्या. बिल्ला नाही, चारी बाजूंनी फोटो आणि नाकाचा एक जवळून. कुत्र्याच्या नाकावरच्या रेघा माणसाच्या अंगठ्यासारख्या असतात म्हणे. अण्णा लई खूश झाले. पाव्हण्याचं नाक धरून म्हणाले, "तुझा अंगठा घेतला रे सायबानं." नावाच्या रकान्यात बाईंनी 'पाव्हणा' लिहिलं. मग पुढचा रकाना आला. पूर्वीचा आजार अथवा दुखापत.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. "नाही लिहू ना, ताई? सगळे नाहीच लिहितात. कोण बघायला येतंय?"

"नाही लिहा," मी म्हटलं. मला ठाऊक होतं मी काय करतेय. सरळ खोटं बोलत होते. पण पायाचं ऑपरेशन व्हावं म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि पायाचंच सांगितलं तर राहिलं काय?

"थांबा," अण्णा म्हणाले. "खोड हाय त्याला. उजवा मागचा पाय मोडलेला हाय, पिल्लू असताना. मी बांधला. वाकडा जुळलाय. चालतो झकास, पर खोड ती खोड. लिव्हा."

"अण्णा!"

"कुत्रं माझं, सही माझी. लिव्हा बाई."

बाईंनी लिहिलं. अण्णांनी एकेक अक्षर कोरत सही केली. आणि पंधरा दिवसांनी पॉलिसी आली, तिच्यात वेगळी ओळ: उजव्या मागच्या पायाशी संबंधित कोणताही उपचार या विम्यात समाविष्ट नाही. त्याच दिवशी मी लाटणं आपटलं.

"ज्या पायासाठी विमा काढला तो पाय सोडून बाकी कुत्र्याचा विमा झाला," मी शेवटी ओरडलेच. "काय पडलं होतं तुम्हाला? बाजारात उभे होतात का तुम्ही?"

"व्हय," अण्णा शांतपणे म्हणाले. "बाजारच हाय की."

मग त्यांनी सांगितलं. बैलबाजारात हात रुमालाखाली घालायच्या आधी, म्हणजे बोटं धरून भाव ठरवायच्या आधी, विकणाऱ्यानं खोड सांगायची असते. मारका आहे, डोळ्यात फूल आहे, नांगराला बसतो. सांगितली की भाव पडतो, पण मग घेणारा जनावर परत आणू शकत नाही. लपवली आणि निघाली, तर पुढच्या बाजाराच्या आत तो दावं धरून दारात येतो. तरुणपणी अण्णांनी एकदा लपवली होती. देखणा बैल, पण औताला जुंपला की मध्येच बसायचा. गिऱ्हाईक परगावचं, म्हणून अण्णांनी खोड सांगितली नाही. पाचव्या दिवशी तो माणूस बैल घेऊन आला. भांडला नाही, शिवी दिली नाही. बैल खुंट्याला बांधला आणि पाणी मागितलं.

"त्याच्या पुठ्ठ्यावर पराणी टोचून टोचून खड्डे पडले व्हते, माय. त्या मानसाला वाटलं बैल माजलाय, म्हनून मारून उठवत व्हता. त्याला काय ठावं? सांगितलं कुठं व्हतं मी? खोटं मी बोललो आन् मार त्यानं खाल्ला." अण्णा बराच वेळ पाव्हण्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "रातंदिस हळद भरत व्हतो. मला बघितलं की मान घासायचा. त्याला बिचाऱ्याला वाटायचं, मी चांगला मानूस हाय."

राग गेला नाही माझा, पण मी लाटणं खाली ठेवलं.

तीस दिवस सरले. श्रावण लागला. रस्त्याच्या कडेनं भुट्ट्यांच्या शेगड्या पेटल्या. आणि एका सकाळी पाव्हण्यानं खाल्लेलं सगळं उलटून टाकलं. दुपारी परत. दुसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. पोट ताठ, डोळे खोल, हाक मारली तर नुसती शेपटी हलवायचा, तीही एकदाच. आम्ही रिक्षा करून शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारायच्या आत अण्णा म्हणाले, "सायेब, बुरकुंड गिळलंय त्यानं. मक्याचं दाणे काढलेलं कणीस. दोन दिस झाले. मीच टाकलं व्हतं, चघळल म्हनून. गलती माझी हाय."

डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, ते एक्सरेत धड दिसत नाही, आम्ही चाचपडत बसलो असतो. लगेच टेबलावर घेतलं. ती दुपार मी कधी विसरायची नाही. अण्णा बाकावर हात जोडून बसलेले, कोणापुढं ते त्यांनाच माहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम. मी म्हटलं, पाणी प्या. नाय. आडवे होता का जरा? नाय. पुन्हा तेच जुनं 'नाय'. मी देवाला म्हटलं, बाबा रे, ते कुत्रं मला परत दे, नाहीतर माझा बाप पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसेल.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये बोटभर लांबीचं बुरकुंड होतं. "निघालं," म्हणाले. "आता घाबरू नका."

पाव्हणा चार दिवस दवाखान्यात राहिला. विम्यासाठी कंपनीनं सगळे कागद मागवले, लसीचं कार्डसुद्धा, ज्यावर पायाचं लिहिलेलं होतं. विम्याच्या बाई स्वतः सांगायला आल्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडातली साखर कमी होती. "ताई, क्लेम झाला मंजूर. तपासणी आणि साधी औषधं वगळली, तुम्ही वाचलंच होतं. पण तुम्हाला एक सांगते. आपण त्या रकान्यात 'नाही' लिहिलं असतं ना, तर माहिती लपवली म्हणून सगळंच अडकलं असतं. पोटाचं होतं का पायाचं, ते कोणी बघितलं नसतं." जाता जाता त्या अण्णांच्या पाया पडल्या आणि माझ्याकडून ती बारा पानं झेरॉक्स करायला घेऊन गेल्या. आता त्या म्हणे गिऱ्हाइकाला आधी सगळं वाचून दाखवतात. गिऱ्हाईक कंटाळतं, पण वाचतात.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

टाके काढायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, "आता एवढं केलंत, तर तो पाय पण बघा. विम्यात नाही बसत, ठाऊक आहे मला. पण त्याचं चालणं बंद होत चाललंय. मोरीपर्यंत गेला की बसतो. ऑपरेशन लागलं तर करू, कसंही करू." डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, वाकवला, ताणला. मग पट्टा धरून त्याला बाहेरच्या बोळात पळवत नेलं आणि पळवत आणलं. पाव्हणा टाके काढल्याच्या आनंदात त्यांच्याही पुढं.

"कोण म्हणालं याचा पाय दुखतो?" डॉक्टर म्हणाले. "हाड कधीच पक्कं जुळलंय. जरा वाकडं दिसतं इतकंच. हा दौलताबादला जाऊन परत येईल."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा भिंतीवरचं लसीचं पोस्टर वाचत होते. मन लावून. ते इंग्रजीत होतं.

आम्ही रिक्षात बसलो. माझ्या डोक्यात अण्णांचंच ते वाक्य घुमत होतं, विम्याचा कागद भरताना सांगितलेलं, चालतो झकास. त्या दिवशी रागाच्या भरात मी ते ऐकलंच नव्हतं. गल्लीचं वळण आलं तेव्हा अण्णांनी रिक्षा सरळ पुढं घ्यायला लावली, आणि मोरी आली तशी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब बाबा जरा." ते उतरले, कठड्यावर बसले. पाव्हणा उडी मारून त्यांच्या पायाशी. मी समोर उभी.

"एक खोड सांगायची राहिली, माय," अण्णा म्हणाले. "माझी."

मी पाव्हण्याचा पट्टा हातात घेतला.

"हितपर्यंत आलं की छाती दाबल्यावानी व्हते. डाव्या हाताला कळ येते. बसलं की जाते. उन्हाळ्यापासनं." त्यांनी पाव्हण्याच्या अर्ध्या पडलेल्या कानाला हात लावला. "ह्याचा पाय दुखत नव्हता कधीच. ह्याच्यावर घातलं मी. तू एकटी हायस, कुठं कुठं पुरशील, म्हनून..." मग एकदम म्हणाले, "आन् भेव बी वाटलं. खरं सांगतो. भेव वाटलं मला."

मी खवळले. रस्त्यावर, रिक्षावाल्यासमोर, भुट्टेवालीसमोर खवळले. म्हटलं, कुत्र्याची खोड सरकारी कागदासारखी लिहून देता आणि स्वतःची लपवता? पाच महिने? काही झालं असतं तर मी काय करायचं होतं? कोणाच्या तोंडाकडं बघायचं होतं? आणि मग मी त्याच कठड्यावर बसून भोकाड पसरलं, पन्नाशी उलटलेली बाई. अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, "चुकलं माय, चुकलं," आणि पाव्हणा आळीपाळीनं दोघांचे हात चाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं टेबलामागं बसलेल्या बाईंनी कागद पुढं ओढून विचारलं, पूर्वीचा काही त्रास? सवयीनं माझ्या तोंडात 'नाही' आलंच होतं. अण्णा म्हणाले, "लिव्हा," आणि उन्हाळ्यापासून सगळं सांगितलं, पायऱ्या चढताना काय होतं, घाम कधी येतो, विडी कधी सोडली आणि त्यानंतर चोरून किती ओढल्या. विड्यांचं मलाही नवीनच होतं. एका शिरेत अडथळा निघाला. तो काढून आत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मी म्हटलं, मी नाही आणलं, ते स्वतः आले.

दिवाळीनंतर त्यांना चालायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी मीही बरोबर गेले. हळूहळू मोरीपर्यंत आलो. अण्णा थांबले नाहीत, पुढं निघाले. पाच-सहा पावलं गेल्यावर पट्ट्याला ओढ बसली म्हणून वळून बघितलं, तर पाव्हणा नेहमीच्या जागी, कठड्याला टेकून बसलेला.

"चल की रं," अण्णा म्हणाले. "आता नाय बसायचं."

तो हलेना. इतके महिने इथं बसायचं असतं हे त्याला शिकवलं होतं, आणि त्यानं ते इमानानं पाळलं होतं. अण्णांनी पट्टा ओढला नाही. ते परत मागं आले आणि त्याच्याशेजारी उभे राहिले. उन्हं वर येत होती, वड पुढं दिसत होता.

"बस बाबा," अण्णा त्याला म्हणाले. "माझ्यासाठी लई बसलास. आता तुझ्यासाठी थांबतो मी."